दोन ट्रंका, २४० नग

जुन्या रेकॉर्डी गोळा करणाऱ्याला जुना बाजार कळतो, घासाघीस कळते, रेकॉर्ड उन्हात तिरपी धरून चरे बघायचे हेही कळतं. कार्यकारी मंडळ मात्र कळत नाही. मला तरी कळत नव्हतं. एका सार्वजनिक वाचनालयाच्या माळ्यावर पडलेल्या रेकॉर्डी माझ्या घरी यायला नऊ महिने लागले. त्यातल्या पहिल्या चार महिन्यांत मी नक्की कशाची वाट बघतेय हेच मला नीट माहीत नव्हतं. कुणाला असलाच प्रकार करायचा असेल तर निदान कागद कुठून कुठे जातो ते कळावं, म्हणून तारखांसकट लिहून ठेवते.

मी परभणीत राहते, बँकेत नोकरी करते. रेकॉर्डींचा नाद लागून सात-आठ वर्षं झाली. वडिलांचा एचएमव्ही फिएस्टा प्लेअर माळ्यावरून खाली काढला, तिथून सुरुवात. मराठवाड्यात रेकॉर्डीचं दुकान असं नाही. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, हैदराबादचा जुमेरात बाजार गुरुवारी. दोन्हीकडे जाऊन आले. पण आपल्या भागात खरा माल असतो तो जुन्या लाऊडस्पीकरवाल्यांकडे. लग्न, बारसं, जत्रा, निवडणूक, सगळीकडे भोंगा लावणारे हेच, आणि त्यांच्या पेट्यांमधून छोट्या ईपी रेकॉर्डी (एका बाजूला एक-दोनच गाणी असलेल्या) ढिगाने निघतात. हाल झालेल्या असतात, कारण मांडवातली धूळ आणि घाई. तरी विचारावं. "तुमच्या वडिलांच्या वेळची पेटी आहे का?" असं विचारलं की बऱ्याचदा काहीतरी निघतंच.

वाचनालयाची बातमी मला अशाच एका साउंड सर्व्हिसवाल्याकडून कळली. तालुक्याचं गाव, परभणीहून एसटीने तासाभरावर. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं चांगली आहेत, त्यांना उगाच फोन नकोत. वाचनालय निजामाच्या काळातलं, म्हणजे १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या आधीचं. साठच्या दशकात कुणा हौशी मंडळींनी तिथे श्रवण विभाग काढला होता. रविवारी संध्याकाळी प्लेअर लावायचे आणि सभासद बसून ऐकायचे. पुढे तो बंद पडला आणि रेकॉर्डी दोन लोखंडी ट्रंकांत भरून माळ्यावर गेल्या.

१२ ऑगस्ट २०२३. दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. शिपाईकाका शिडी धरून खाली उभे आणि मी माळ्यावर. ते खालून विचारतात, "काय शोधूलालात मॅडम? वाजत नाहीत त्या." पहिली ट्रंक उघडली. वर उंदरांनी कुरतडलेले वर्तमानपत्राचे कागद, त्याखाली आडव्या रचलेल्या रेकॉर्डी. आडव्या! एकीवर एक, पन्नास वर्षं. खालच्या किती तडकल्या असतील या विचाराने पोटात गोळा आला. वरची एक काढली, फुंकर मारली. हिराबाई बडोदेकर, किराणा घराण्याच्या थोर गायिका. हात थरथरायला लागला. एक तर शिडीवर उभी होते, आणि दुसरं कारण वाचणाऱ्याला कळेलच.

खाली येऊन मी ग्रंथपालांना सरळ विचारलं, किती द्यायचे? ते हसले. "ताई, हे जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे संस्थेच्या वस्तूंच्या यादीत आहे. असं विकता येत नाही." सरकारी अनुदान घेणारं, ‘ब’ वर्गाचं वाचनालय. खुर्ची मोडली तरी ती निर्लेखित होईपर्यंत, म्हणजे ठराव करून यादीतून काढेपर्यंत, नोंदवहीत जिवंत असते. रेकॉर्डींचंही तसंच. आधी निर्लेखनाचा ठराव, मग विक्रीची सूचना, मग बंद लखोट्यातले दर, आणि मग ज्याचा दर जास्त त्याला. म्हणजे एवढं सगळं करून रेकॉर्डी मलाच मिळतील याची हमी नाही. हे ऐकून मी बसस्टँडवर आले, चहा घेतला आणि ठरवलं की सोडून द्यायचं. ते ठरवणं पुढच्या शनिवारपर्यंत टिकलं.

२६ ऑगस्टला अर्ज दिला. अर्जात "जुन्या रेकॉर्डी मला विकत द्याव्यात" असं लिहू नका. तो माझा पहिला मसुदा होता आणि सचिव सरांनी परत केला. (सर गावातल्याच शाळेत शिक्षक.) "वापरात नसलेल्या ध्वनिमुद्रिकांचे निर्लेखन करण्याबाबत विचार व्हावा" असं लिहायचं. गरज वाचनालयाची दिसली पाहिजे. आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून घ्यायचा. पुढे जेव्हा "तुमचा अर्ज कधीचा?" असं विचारलं गेलं, तेव्हा त्या क्रमांकानेच तारलं.

सप्टेंबरात गणपती, मुक्तिसंग्राम दिनाचे कार्यक्रम, बैठक नाही. १ ऑक्टोबरला बैठक झाली, तीत एका सदस्यांनी शंका काढली की संस्था सार्वजनिक न्यास आहे, मग मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी नको का? अध्यक्ष वकील आहेत. त्यांनी सांगितलं की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० मधलं कलम ३६ स्थावर मालमत्तेला लागतं आणि रेकॉर्डी जंगम आहेत. त्या दिवशी मला वकिलांबद्दल जो आदर वाटला तो अजून आहे. बैठकीत ठरलं इतकंच की आधी यादी करा. ग्रंथपालांना वेळ नाही. मग कोण करणार?

मीच. १४ आणि २८ ऑक्टोबर, दोन्ही शनिवार सकाळी दहा ते पाच, शिपाईकाकांसमोर. नोंदवहीत एकच ओळ होती: ‘तबकड्या, २४० नग’. कंपनी नाही, गायक नाही, काही नाही. मी आखलेली वही नेली होती आणि रकाने पाडले होते: कंपनी, लेबलवरचा क्रमांक, कलावंत, आकार, अवस्था. लेबल फाटलेलं असेल तर घाबरू नका. लेबलाच्या कडेला, खाचा संपतात त्या गुळगुळीत पट्टीवर बारीक आकडे कोरलेले असतात. टॉर्च तिरपा धरला की दिसतात. त्यावरून रेकॉर्डीची ओळख पटवता येते.

फुटलेल्यांची गंमत वेगळीच. ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डी लाखेच्या मिश्रणाच्या. पडल्या की काच फुटावी तशा फुटतात. ट्रंकेच्या तळाशी नुसते तुकडे. मी ते बाजूला सारत होते तर काका म्हणाले, "मॅडम, नग भरायला पाहिजेत." मग आम्ही दोघांनी जमिनीवर चादर पसरून तुकडे जुळवायला घेतले. शेवटी नियम काढला: मधलं लेबल म्हणजे एक नग. अर्धं लेबल सापडलं तर दुसरं अर्धं शोधायचं. अशी २२ लेबलं भरली. धड रेकॉर्डी १८१: त्यात ७८ गतीच्या १०४, ईपी ५८, एलपी (बराच वेळ वाजणाऱ्या मोठ्या) १९. एकूण २०३. नोंदवहीत २४०. ३७ नग कमी.

ते ३७ नग मला नोव्हेंबर-डिसेंबर पुरले. दिवाळी मध्ये आलीच. लेखापरीक्षकांचं म्हणणं, फरकाचा खुलासा आल्याशिवाय निर्लेखन कसं करायचं? बरोबरच होतं त्यांचं, मी बँकेत हेच इतरांना सांगते. खुलासा शेवटी काकांच्याच आठवणीतून निघाला. पूर्वी गावातल्या गणेश मंडळांना, लग्नघरांना वाचनालयातून रेकॉर्डी नेऊ देत. त्याची एक उसनवारीची वही होती, ती ग्रंथपालांनी आठवडाभर शोधून काढली. तीत परत आल्याची खूण नसलेल्या बऱ्याच नोंदी. त्यावर टिपण झालं, सह्या झाल्या. या दोन महिन्यांत मी पाच वेळा गेले-आले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे एका खेपेला ऐंशीच्या आत भागायचं. घरी ‘हे’ एवढंच म्हणाले, "तुझी तिथली हजेरी बँकेपेक्षा चांगली आहे."

२८ जानेवारी २०२४ ला निर्लेखनाचा ठराव झाला. ठरावाची प्रत मागून घ्या, तोंडी शब्दावर राहू नका. फेब्रुवारीत सूचना फलकावर जाहिरात लागली: आहे त्या स्थितीत, ट्रंकांसह, अनामत ५०० रुपये, लखोटे २९ फेब्रुवारीपर्यंत.

‘ट्रंकांसह’ हा शब्द वाचून मला घाम फुटला. भंगारवाल्याला रेकॉर्डींशी देणंघेणं नाही, पण दोन जाड पत्र्याच्या ट्रंका म्हणजे त्याच्यासाठी चांगला माल. दर किती भरावा? दहा इंची ७८ची एक रेकॉर्ड साधारण दोनशे ग्रॅमची, म्हणजे त्या सगळ्या मिळून वीस-एकवीस किलो. भंगाराच्या हिशोबाने मातीमोल. संग्राहकाच्या हिशोबाने यातली एखादीच बरी किंमत आणणारी, बाकीच्यांना फार कुणी विचारणार नाही. मी त्या विकायला घेतच नव्हते, त्यामुळे हिशोब आणखी अवघड. शेवटी स्वतःला विचारलं, किती रुपयांना हुकल्या तर झोप लागेल? ६,२०० लिहिले. लखोटा चिकटवला आणि बाहेर आल्यावर वाटलं, सात लिहायला हवे होते.

लखोटे उघडायचे होते १७ मार्चला. आदल्या दिवशी लोकसभेची आचारसंहिता लागली. तिचा वाचनालयाशी संबंध नव्हता, पण सचिव सर शिक्षक. निवडणुकीचं प्रशिक्षण, मग ड्यूटी. आमच्याकडे मतदान २६ एप्रिलला. तोवर माझा लखोटा कपाटात. मी सरांना एकदाच फोन केला, पुन्हा करायची लाज वाटली. त्या उन्हाळ्यात ट्रंका माळ्यावर, वर पत्रे, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश. लाखेच्या आणि व्हिनाइलच्या दोन्ही रेकॉर्डी उष्णतेने वाकतात. काकांना विनंती केली, तर त्यांनी एका दुपारी कुणालातरी हाताशी घेऊन दोन्ही ट्रंका खाली वाचनकक्षाच्या कोपऱ्यात आणून ठेवल्या. ठराव न करता. याबद्दल त्यांना काय द्यावं ते मला कळलं नाही. पुढच्या खेपेला घरची करंजी नेली.

५ मे, रविवार. तीन लखोटे. भंगारवाला १,४००. साउंड सर्व्हिसवाले, ज्यांनी मला बातमी दिली तेच, ४,०००. आणि माझे ६,२००. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, सांगितलं असतं तर मी भरलंच नसतं." मला दर फोडायचा नव्हता, त्यांनाही नसावा. पुढे फिल्मी ईपींमधल्या माझ्याकडे आधीच असलेल्या अकरा मी त्यांना दिल्या आणि दोन्ही ट्रंकाही.

७ मे ला संस्थेच्या नावे चेक दिला, पावती घेतली. पावतीवर ‘ध्वनिमुद्रिका (निर्लेखित)’ असं लिहून घेतलं. ११ मे ला माल उचलला. इथे ज्यांना आणायच्या आहेत त्यांनी नीट वाचा: रेकॉर्डी उभ्याच ठेवायच्या, आडव्या रचायच्या नाहीत. मी भाजीवाल्याकडून प्लास्टिकचे सहा कॅरेट भाड्याने घेतले, तळाला गोणपाट, मध्ये घडी घातलेले पेपर, हलायला जागा नाही. छोटा हत्ती १,२०० रुपयांत ठरवला आणि पहाटे साडेपाचला निघालो, उन्हाच्या आत घरी पोचायचं म्हणून. ड्रायव्हरला सांगितलं होतं की अंडी आहेत असं समजा. तो प्रत्येक खड्ड्यापाशी "अंडी, अंडी" म्हणत ब्रेक मारत होता. वाटेत एकच फुटली.

आता धुणं. हे मी चुकून शिकलेय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरात सॅनिटायझरच्या बाटल्या होत्या आणि मी मोठ्या शहाणपणाने एक ७८ची रेकॉर्ड सॅनिटायझरने पुसली. कापसाला काळं लागलं. मला वाटलं, मळ निघतोय. निघत होती ती रेकॉर्ड. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, फर्निचरचं पॉलिश करणाऱ्या कुठल्याही सुताराला विचारा. ज्योत्स्ना भोळ्यांची ती रेकॉर्ड आता फक्त फुसफुसते. तेव्हा ७८ ला स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर काही लावायचं नाही. डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीचं मिळतं ते), त्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल, लेबल कोरडं ठेवून. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुसायचं आणि सावलीत उभी वाळवायची. मी रोज रात्री आठ-दहा करत होते, जून उजाडला. नवीन कागदी पाकिटं एकेक १२ रुपयांना पडली. एकूण खर्च बारा हजारांच्या आसपास गेला, आणि त्यात माझ्या खेपा धरलेल्या नाहीत.

प्लेअरची पिनही बदलली, ६५० रुपये. फिएस्टाची पिन फिरवता येते, एका बाजूला ७८ची, दुसऱ्या बाजूला एलपीची. ७८ची खाच रुंद असते. एलपीच्या बारीक पिनने ती लावली तर पिन खाचेच्या तळाशी घासत राहते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. पुष्कळ लोक जुनी रेकॉर्ड खराब आहे म्हणतात, तेव्हा बरेचदा पिनच चुकीची असते.

ऐकायला सुरुवात केली तेव्हा मला वाटत होतं, मला काय मिळालंय ते माहीत आहे. यादी मीच केली होती. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, कोलंबियाच्या रेकॉर्डी; सव्वातीन मिनिटांत अख्खा राग मांडून मोकळे होणारे. मास्तर कृष्णराव. जी. एन. जोशी, जे आधी भावगीतं गायचे आणि पुढे एचएमव्हीत अधिकारी होऊन इतरांची गाणी ध्वनिमुद्रित करत राहिले. वाचनालयाच्या मंडळाने निवडून घेतलेला सुसंस्कृत माल. ईपींकडे मी यादी करताना फारसं लक्षच दिलं नव्हतं.

मग पाकिटं बदलताना पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. जुन्या पाकिटांच्या मागे, चार उभ्या रेघा आणि एक आडवी, पाचाचा गठ्ठा, जसे आपण मतं मोजतो. आधी मला वाटलं, मुलांनी गिरवलंय. पण सगळ्या पाकिटांवर तेच. एका पाकिटाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं ‘पिन बदलली’ आणि तारीख, १९६९ मधली. तेव्हा कळलं. नीलमणी पिन ठरावीक तास चालते, मग बदलावी लागते, नाहीतर ती खाच कापते. श्रवण विभाग सांभाळणाऱ्याने प्रत्येक रेकॉर्ड किती वेळा लावली ते मोजून ठेवलं होतं, पिनेच्या हिशोबासाठी. पिनेचा खर्चही मंडळापुढे ठेवावा लागत असणार.

मी एक रविवार नुसत्या रेघा मोजण्यात घालवला. ख्यालाची एक एलपी: चार वेळा. दुसरी: सहा. हिराबाईंची वरची रेकॉर्ड: एकोणीस. जी. एन. जोशी एकतीस, ते बरे गेले. आणि युसूफ आझादांची कव्वालीची एक ईपी, जी मी यादीत ‘कव्वाली, बरी’ एवढंच लिहून पुढे गेले होते, तिचं पाकीट भरलं म्हणून मागे वहीचा कागद चिकटवलेला, तोही भरलेला. मी दोनशे चौदापर्यंत मोजल्या, पुढे शाई की पेन्सिल कळेना. शकीलाबानो भोपालींची कव्वालीची ईपी शंभराच्या वर. प्रल्हाद शिंद्यांची एक, तीही तशीच. खाचा इतक्या झिजल्यात की पांढऱ्या दिसतात.

म्हणजे मंडळाने आणलं एक आणि रविवारी संध्याकाळी लोकांनी लावायला लावलं दुसरंच. हैदराबाद संस्थानातला भाग हा, गावात अर्धी मंडळी उर्दू शाळेत शिकलेली. मला हे सुचायला हवं होतं. माझ्या स्वतःच्या संग्रहात तोवर कव्वालीची एक रेकॉर्ड नव्हती. लाऊडस्पीकरवाल्यांच्या पेट्यांतून किती वेळा हातात आली आणि मी बाजूला ठेवली. आता तीच शोधत फिरते. युसूफ आझादांची ती ईपी खरखरते, मध्ये एका जागी अडकते, बोटाने हलकं ढकलावं लागतं. आमच्या आईला ती ऐकवली तर तिने पुढची ओळ आधीच म्हटली. कुठे ऐकली विचारलं तर म्हणाली, "लग्नात. कुणाच्या ते आठवत नाही."

जुनी पाकिटं मी टाकली नाहीत, वेगळ्या खोक्यात ठेवलीत. अनामतीचे ५०० रुपये ऑगस्टमध्ये परत मिळाले, त्यासाठी मूळ पावती लागते, झेरॉक्स चालत नाही.

परवा काकांचा फोन आला. जुनं लाकडी कपाट हलवताना मागे तीन रेकॉर्डी सापडल्यात, धड आहेत. मी लगेच म्हटलं, शनिवारी येते. ते म्हणाले, "या की. पण मॅडम, ह्या त्या ३७ मधल्या. त्या ठरावात नव्हत्या."

अर्ज लिहून ठेवलाय. या वेळी आवक क्रमांक पहिल्याच दिवशी घेणार.